क्रेनच्या गर्डरला तडा गेलाय, आता ती किती दिवस चालवायची?

तळोजा एमआयडीसीतल्या एका कॉइल (पोलादी पत्र्याची गुंडाळी) कापणाऱ्या कारखान्यातली २५ टनी, दोन गर्डरांची ईओटी (विजेवर डोक्यावरून धावणारी) क्रेन. स्पॅन २० मीटर, वय साधारण १८ वर्षे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून येणाऱ्या कॉइल दिवसभर ट्रेलरवरून उतरवायच्या, मशीनवर ठेवायच्या, कापलेला माल पुन्हा गाडीत भरायचा. दिवसाला सुमारे ३०० उचली. एका गर्डरच्या खालच्या फ्लँजवर (गर्डरच्या तळाच्या आडव्या प्लेटवर) केबलच्या पाइपला धरणारा २०० मिमी लांबीचा अँगल लांबीच्या दिशेने वेल्ड केलेला होता. त्याच्या टोकाशी रंग फुटून तपकिरी रेघ उतरली होती. मालकांचा प्रश्न नेहमीचाच: क्रेन बंद करायची की चालवायची, आणि चालवायची तर किती दिवस?

या प्रश्नाचं उत्तर आम्ही कसं काढलं, ते टप्प्याटप्प्याने देत आहे. गणित सहज पडताळता यावं म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत.

पहिलं काम तडा नीट पाहायचं. रंगावरची चीर ही रंगाचीच असू शकते, पण तिच्यातून गंज बाहेर आला असेल तर खाली लोखंड उघडं पडून एकमेकांवर घासतंय, असं समजून चालावं. रंग काढताना ग्राइंडरची जाड चकती वापरू नये. तिने धातू ओढला जातो, तड्याचं तोंड बुजतं आणि डीपी टेस्टमध्ये (तड्यात रंगद्रव मुरवून करायच्या तपासणीत) काहीच दिसत नाही. रंग काढायचं रसायन किंवा वायरब्रश पुरतो. त्यानंतर पांढरा काँट्रास्ट पेंट, काळी शाई आणि एसी योक (विद्युतचुंबक) घेऊन एमपीआय, म्हणजे चुंबकीय कणांची तपासणी. योक आधी साडेचार किलोचा ठोकळा उचलतो का, ते बघायचं. नाही उचलला तर तो बाजूला ठेवायचा. योक दोन काटकोनी दिशांना लावायचा, कारण चुंबकीय रेषांना समांतर असलेला तडा दिसत नाही. इथे वेल्डच्या टोपासून (वेल्ड जिथे प्लेटला मिळतो ती कड) फ्लँजच्या आडव्या दिशेने ३८ मिमी लांबीचा तडा मिळाला. वेल्डचं टोक जेमतेम १८ मिमी रुंद, म्हणजे तडा वेल्ड ओलांडून दोन्ही बाजूंनी मूळ प्लेटमध्ये गेलेला होता.

तड्याची टोकं दाखवण्यासाठी सेंटर पंच मारायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ताणाखालच्या फ्लँजवर पंचाची प्रत्येक खूण नव्या तड्याला निमंत्रण देते. पेंट मार्कर आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो एवढं पुरतं.

आता हा तडा मुळात का पडला? आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशींत प्रत्येक प्रकारच्या जोडाला एक फॅट वर्ग असतो, म्हणजे २० लाख आवर्तनं सोसू शकेल असा ताणाचा पल्ला (एका उचलीतल्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ताणातला फरक). लांबीच्या दिशेने लावलेला, १५० ते ३०० मिमी लांबीचा जोडतुकडा फॅट ६३ मध्ये येतो. या गर्डरवरचा सममूल्य ताण-पल्ला ६७.६ मेगापास्कल निघाला (तो कसा काढला ते पुढे येईल). ६३ ला ६७.६ ने भागून घन केला आणि २० लाखांनी गुणलं की १६ लाख २० हजार आवर्तनं येतात. दिवसाला ३०० उचली आणि वर्षाला ३०० कामाचे दिवस धरले तर ९० हजार, म्हणजे बरोबर १८ वर्षं. वेल्डरने काही वेगळं वाईट केलं होतं असं नाही. जोडाचा प्रकारच असा आहे की तो याच सुमारास फुटायला लागतो.

यातून निघणारी गोष्ट तड्याच्या गणितापेक्षा जास्त महत्त्वाची आहे. त्याच गर्डरच्या मधल्या भागात तसेच आणखी अँगल होते, त्याच वयाचे आणि जवळजवळ तेवढाच ताण सोसलेले. एकाचं टोक फुटलं तर बाकीच्यांची मुदतही संपत आलेली असते. म्हणून एक तडा सापडला की तिथेच थांबायचं नाही, स्पॅनच्या मधल्या अर्ध्या भागातला प्रत्येक जोडतुकडा एमपीआयखाली घालायचा. पाइप धरणारा अँगल, नावाची पाटी, जुन्या लिफ्टिंग लगचे घासलेले अवशेष, वेल्डरने रॉड टेकवून उडवलेल्या ठिणगीचे डाग, सगळं त्यात आलं. या तुकड्यांवर भार येत नाही म्हणून ड्रॉइंगमध्ये त्यांच्याकडे कोणी बघत नाही. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात उलटलेल्या ‘अलेक्झांडर कीलंड’ या निवासी प्लॅटफॉर्मवर १२३ माणसं गेली. तिथलाही पहिला तडा एका ब्रेसमध्ये (आधार जोडणाऱ्या नळीत) हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा ध्वनिग्राहक, बसवण्यासाठी लावलेल्या आधाराच्या फिलेट वेल्डपाशी सुरू झाला होता. तो तुकडाही भार वाहणारा नव्हता.

फॅट वर्ग ज्यावरून येतात त्या एस-एन आलेखाचं (ताण-पल्ला विरुद्ध आवर्तनं) काम इथपर्यंतच. तो वेल्ड शाबूत असल्याचं धरून आयुष्य सांगतो. तडा दिसल्यावर उरलेले दिवस काढायचे तर तडा वाढण्याचा वेग लागतो, आणि त्यासाठी दोनच गोष्टी खऱ्या अर्थाने मोजाव्या लागतात: तड्याची खोली आणि ताणाचा पल्ला. बाकीचं पुस्तकातून मिळतं.

खोली मोजणं हा सगळ्यात कठीण भाग आहे. एमपीआय फक्त लांबी दाखवतं. १२ मिमीच्या फ्लँजवर, वेल्डच्या टोपाशी, साध्या अल्ट्रासोनिक प्रोबने खोली विश्वासाने सांगता येत नाही, कारण वेल्डच्या उंचवट्यावरून येणारे प्रतिध्वनी तड्याच्या टोकाच्या बारीक प्रतिध्वनीत मिसळतात. फेज्ड अॅरे (अनेक घटकांचा अल्ट्रासोनिक प्रोब) किंवा एसीएफएम (एसी विद्युतक्षेत्रावरून खोली मोजणारी पद्धत) बरं, तेही अशाच जाडीच्या आणि मुद्दाम खाच पाडलेल्या नमुना प्लेटवर आधी तपासून. वाचन ४ मिमी आलं. अशा मोजमापात दीड-दोन मिमीची चूक सहज राहते, म्हणून ४ आणि ६ मिमी अशा दोन्ही खोलींनी गणित करायचं ठरवलं. तडा १ मिमीच्या आतला असता तर हे काही करावंच लागलं नसतं. अर्ध्या-अर्ध्या मिमीने बर ग्राइंडरने घासत, दरवेळी एमपीआय करत तो काढून टाकता आला असता.

ताण मोजायला स्ट्रेन गेज (धातू किती ताणला गेला ते दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या) लावले. पृष्ठभाग एमरीने घासायचा, अॅसिटोनने पुसायचा, गेज सायनोअॅक्रिलेटने चिकटवायचा आणि वरून सिलिकॉन लावायचं. सूत्रात सर्वसाधारण ताण लागतो, म्हणून हे गेज अँगलपासून १०० मिमीहून जास्त दूर ठेवले. वेल्डच्या टोपाजवळचा हॉट-स्पॉट ताणही पाहायचा असेल तर टोपापासून जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावर, म्हणजे १२ मिमी प्लेटवर ४.८ आणि १२ मिमीवर दोन गेज लावावेत. पहिल्याचं १.६७ पट वजा दुसऱ्याचं ०.६७ पट, हा हॉट-स्पॉट ताण. ते मात्र शाबूत शेजाऱ्यावर लावायचे. तडा गेलेल्या टोकाशी ताण सैल झालेला असतो आणि आकडा खोटा दिलासा देतो.

केबल तीन तारांची आणि शील्ड असलेली घ्यायची. हॉइस्टच्या व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) विद्युत गोंगाट इतका असतो की साध्या तारेवर ५० मायक्रोस्ट्रेनची थरथर दिसू शकते आणि मोजणी तिलाच आवर्तन समजते. वजनकाट्याची पावती असलेली कॉइल उचलून, ती स्पॅनच्या मध्यावर आणून गेजचं वाचन साध्या बीमच्या हिशोबाशी पडताळायचं. दोन्हींत १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुढे जायचं नाही, आधी कारण शोधायचं. आणखी एक गोष्ट राहून जाते. गेज बसवल्यानंतरचे बदलच तो दाखवतो. गर्डरच्या स्वतःच्या वजनाचा ताण त्यात कधीच येत नाही, तो हिशोबाने काढून नंतर मिळवावा लागतो.

नोंद किमान एक पूर्ण आठवडा हवी आणि त्यात महिनाअखेरची डिस्पॅचची घाई आली पाहिजे. शिवाय मागच्या वर्षीचे डिस्पॅच रजिस्टर मागावं. मेंटेनन्सच्या वहीत क्रेन किती तास चालली ते असतं, पण कोणत्या वजनाच्या किती कॉइल उचलल्या हे डिस्पॅचच्या कारकुनाकडेच मिळतं. रेनफ्लो (नोंदीतली आवर्तनं वेगळी करून मोजायच्या) पद्धतीने मोजल्यावर दिवसाचं चित्र असं आलं: ९० मेगापास्कलच्या ६० उचली, ७० च्या १२० आणि ४० च्या १२०. स्ट्रेनमध्ये ९० मेगापास्कल म्हणजे सुमारे ४४० मायक्रोस्ट्रेन.

तडा ताणाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून सरासरीही घनाचीच. ९० चा घन गुणिले ६०, ७० चा गुणिले १२०, ४० चा गुणिले १२०, यांची बेरीज करून ३०० ने भागायचं आणि घनमूळ काढायचं. ६७.६ येतात. या बेरजेतच पुढचा उपाय दडलेला आहे. ९० च्या ६० उचली संख्येने फक्त २० टक्के, पण तडा वाढवण्यात त्यांचा वाटा ४७ टक्के. हलक्या १२० उचलींचा वाटा ८ टक्के.

आता पॅरिसचं समीकरण. १९६३ मध्ये पॉल पॅरिस आणि एर्दोगान यांनी मांडलेलं: एका आवर्तनात तडा जेवढा वाढतो ते म्हणजे एक स्थिरांक गुणिले डेल्टा-के चा ठराविक घात. के म्हणजे तड्याच्या टोकाशी ताणाची तीव्रता, आणि डेल्टा-के म्हणजे तिचा पल्ला. हवेतल्या वेल्ड केलेल्या पोलादासाठी बीएस ७९१० या ब्रिटिश मानकाचं सोपं रूप घातांक ३ आणि स्थिरांक ५.२१ गुणिले १० चा उणे १३ वा घात देतं (न्यूटन आणि मिलिमीटर एककांत). हा वरच्या टोकाचा स्थिरांक आहे, सरासरीचा नाही, त्यामुळे त्यात सावधगिरी आधीच आहे. समुद्राच्या पाण्याच्या संपर्कात हाच स्थिरांक २.३ गुणिले १० चा उणे १२ वा घात, म्हणजे जवळजवळ साडेचार पट होतो. शेडच्या आतल्या, रंगवलेल्या गर्डरला हवेचा आकडा चालतो. न्हावा शेव्याच्या धक्क्यावर खाऱ्या तुषारांत उभ्या असलेल्या रचनेला तो लावायचं धाडस आम्ही करत नाही.

४ मिमी खोल, ३८ मिमी लांब अर्धलंबवर्तुळाकार तड्याच्या तळाशी न्यूमन-राजू सूत्राने डेल्टा-के ताणाच्या ४.३ पट येतो, म्हणजे २९२. वेल्डच्या टोपामुळे होणारी वाढ अर्ध्या मिमी खोलीवर मोठी असते, पण जाडीच्या एक-तृतीयांशापर्यंत उतरल्यावर ती १ च्या जवळ येते, म्हणून इथे सोडून दिली. त्यावरून एका उचलीमागे वाढ १ मिमीच्या सुमारे ७७ हजाराव्या भागाएवढी. दिवसाला ०.००४ मिमीही नाही. ८ मिमी खोलीवर मात्र दिवसाला ०.०१२ मिमी होते.

थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याखाली तडा वाढत नाही ती डेल्टा-के ची मर्यादा, वेल्डसाठी ६३ धरतात (फॅट ६३ शी तिचा संबंध नाही). त्यावरून बैठकांत खूप वाद होतात. या क्रेनवर रिकाम्या क्रॅबच्या (गर्डरवर धावणाऱ्या उचल-गाडीच्या) ये-जा चा ताण-पल्ला १२ मेगापास्कल होता. आज तो थ्रेशोल्डखाली आहे, तडा ८ मिमी खोल झाला की वर जाईल. पण १२ चा घन इतका लहान आहे की बेरजेत एक टक्काही भर पडत नाही. वाद घालायचा तर खोलीवर घालावा.

खोली ४ वरून १२ मिमीपर्यंत, म्हणजे आरपार जायला सुमारे ८०० कामाचे दिवस आले. लांबीची गोष्ट वेगळी आहे. सुरुवातीला पृष्ठभागावरच्या टोकांशी डेल्टा-के तळापेक्षा निम्माच असतो, त्यामुळे लांबीकडची वाढ खोलीच्या सातव्या हिश्श्याएवढी. १०० दिवसांत खोली ०.४ मिमी वाढली तरी पूर्ण लांबीत ०.१ मिमीची भर पडते. ती शाईच्या रेघेत कोणालाच दिसणार नाही. ‘सहा महिने झाले, रेघ तेवढीच आहे, तडा थांबलाय’ हे वाक्य सगळ्या कारखान्यांत ऐकू येतं, आणि ते अतिशय धोक्याचं आहे. आत तो उतरतच असतो.

आरपार झाल्यावर अर्धी लांबी २४ मिमी. तिथून वेग एकदम वाढतो, दर टोकाला दिवसाला ०.०३ मिमी. कुठे थांबायचं हे फ्रॅक्चरच्या तपासणीवर ठरतं. निर्मात्याच्या फायलीत प्लेटचं टेस्ट सर्टिफिकेट मिळालं: आयएस २०६२, ई २५०, आणि चार्पी (आघात) चाचणीत खोलीच्या तापमानाला २७ जूल. ग्रेड ए असता तर चार्पीची हमीच नसते, मग त्याच प्लेटचा तुकडा मिळवून चाचणी करावी लागली असती. २७ जूल आणि १२ मिमी जाडीवरून फ्रॅक्चर टफनेस (प्लेट एकदम तुटण्याआधी सोसू शकेल तो के) सुमारे ७१ मेगापास्कल वर्गमूळ मीटर येतो. गर्डरचं वजन, क्रॅब, कॉइल आणि उचलतानाचा झटका धरून सगळ्यात मोठा ताण १४० मेगापास्कल. अर्धी लांबी ४० मिमी घेतली तर भारातूनच के ५१ होतो, आणि एफएडी आलेखावर (तुटण्याची आणि लवण्याची मर्यादा एकत्र दाखवणाऱ्या) वेल्डच्या अंगभूत ताणासाठी जवळजवळ जागा उरत नाही. तो ताण बिना-उष्मोपचार वेल्डमध्ये यील्डएवढा (पोलाद कायमचं वाकायला लागतं त्या ताणाएवढा) धरायचा असतो, कमी नाही. म्हणून मर्यादा अर्धी लांबी ३० मिमी, म्हणजे पूर्ण ६० मिमी ठेवली. २४ वरून ३० पर्यंत १६० दिवस.

एकूण ९६० कामाचे दिवस, तीन वर्षांहून थोडे जास्त. हा आकडा ऐकून मालक सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमकं इथेच बरेच अहवाल थांबतात. खोली ४ ऐवजी ६ मिमी असेल तर पहिले ८०० दिवस ४३० होतात. ताण १० टक्क्यांनी जास्त असेल तर वेग १.३३ पट. दोन्ही एकत्र धरले की ९६० चे ४४० उरतात. त्याला तीनने भागायचं, म्हणजे एका तपासणीत तडा निसटला तरी दुसरी आणि तिसरी हाताशी राहते. उत्तर: १५० कामाचे दिवस, सहा महिने. अहवालात हाच आकडा वर आणि ठळक लिहायचा, ९६० नाही. ९६० हा मोजमापं अचूक असतील तरचा आकडा आहे, आणि खोलीचं मोजमाप अचूक नसतं हे आपल्याला आधीच माहीत असतं.

या सहा महिन्यांसाठी एकच अट घातली: जड कॉइल या क्रेनने उचलायच्या नाहीत, शेजारच्या बे मधल्या (शेडच्या पुढच्या गाळ्यातल्या) क्रेनकडे द्यायच्या. त्या ६० उचली गेल्या की वाढीचा वेग ५३ टक्क्यांवर येतो, आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं, आणि सगळ्यात मोठा ताण उतरल्यामुळे फ्रॅक्चरचा धोकाही घटतो. नुसतं ‘जपून वापरा’ म्हणण्याने काही होत नाही. वजनाची मर्यादा क्रेनच्या ओव्हरलोड लिमिटमध्ये बसवून टाकायची.

तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवायचा सल्ला हमखास येतो. आरपार गेलेल्या तड्याला तो लागू आहे: एमपीआयने टोक शोधून, ते भोकाच्या आत येईल असं ड्रिल करायचं, कडा गुळगुळीत करायची आणि टोक खरंच निघालं का ते पुन्हा तपासायचं. ते भोक नंतर वेल्डने भरायचं नाही, भरलं तर तिथे नवा वेल्ड आणि नवा अंगभूत ताण येतो. पण इथला तडा आरपार नव्हता. त्याचं टोक पृष्ठभागावर नसून फ्लँजच्या आत, तळाशी सगळीकडे पसरलेलं होतं. दोन्ही बाजूंना भोकं पाडून वेल्डखाली तो तसाच उतरत राहिला असता.

दुरुस्ती कारखान्याच्या वार्षिक बंदच्या काळात घ्यायची ठरली. क्रॅब एका टोकाला, गर्डर मध्यावर जॅकने टेकवून फ्लँजवरचा ताण काढायचा. अँगल पूर्ण काढून टाकायचा. तडा गाउजिंगने (धातू वितळवून खाच काढत) उकरायचा, खाचेत एमपीआय करून तडा पूर्ण निघाल्याची खात्री करायची, मगच वेल्ड. रॉड ई ७०१८, ओव्हनमध्ये २६० ते ४३० अंशांवर किमान दोन तास भाजलेले, आणि होल्डिंग ओव्हनमधूनच हातात आलेले. तळोज्याच्या पावसाळी हवेत उघड्या पाकिटातला रॉड भरवशाचा नाही. वेल्ड फ्लँजच्या पातळीला घासायचा, आणि घासल्याचे ओरखडे गर्डरच्या लांबीच्या दिशेने राहिले पाहिजेत. आडवे ओरखडे म्हणजे आडव्या तड्याची सुरुवात.

शेजारचे सगळे अँगलही त्याच वेळी काढायचे, तडा दिसो वा न दिसो. टोकांची जागा दृश्य अंडरकटच्या (वेल्डच्या कडेला पडलेल्या खाचेच्या) खाली किमान अर्धा मिमी घासायची आणि एमपीआय करायचं. केबलचा पाइप पुन्हा फ्लँजला वेल्ड होणार नाही. तो वेबच्या (गर्डरच्या उभ्या प्लेटच्या) मध्याजवळ, जिथे वाकण्याचा ताण शून्याजवळ असतो, क्लॅम्पने बसवायचा. मेंटेनन्सच्या वहीत आणि गर्डरच्या दोन्ही टोकांना मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहून घेतली आहे: खालच्या फ्लँजवर वेल्डिंग बंद.